वाढ्यांची पोटगी

कारखान्याचा बॉयलर पेटला की मला कुणी सांगावं लागत नाही. सकाळी दोरीवरचा पांढरा टॉवेल ओढावा, तर त्याच्यावर काजळीच्या बारीक काळ्या अळ्या पसरलेल्या. झटकाव्यात तर पुसट रेघ होते, धुवाव्यात तर डाग पडतो. दुपारी मळीचा वास सुटतो. मळी म्हणजे उसातली साखर काढून घेतल्यावर खाली जो चिकट काळा रगडा उरतो तो. गोड वस्तूच्या मढ्याला वास येईल तर असाच येईल. आमच्या शेवगावात त्या वासानं भिंतीवरची पाल गरगरून खाली पडते. पांढरी मांजर दिवाळीला घराबाहेर पडली तर होळीला काळी होऊन परत येते. खोटं वाटत असेल त्यानं एक पांढरी मांजर घेऊन यावं. जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीवरच्या पाट्या बदलल्या, काजळी तेवढी जुन्याच नावानं पडते.

लोक खूश असतात. हंगाम चांगला तर बाजारात पैसा खेळतो, सोनाराकडे दिवे जास्त लागतात, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की मागं पोरं पळतात. मला मात्र दर वर्षी मळमळतं. डॉक्टर पित्त म्हणतात. मी गोळी घेते आणि गप्प बसते, कारण त्या पित्ताचं नाव रावसाहेब आहे आणि त्याच्यावर गोळी निघालेली नाही.

आमच्याकडे नावातच साहेब घालून ठेवायची रीत आहे. रावसाहेब, बाबासाहेब, अण्णासाहेब, भाऊसाहेब. नोकरी लागो न लागो, बारशालाच पोरगा साहेब होतो. भरल्या एसटीत कुणी नुसतं 'साहेब' म्हणून हाक मारली तर अख्खी गाडी मागं वळून बघते, ड्रायव्हरही बघतो, आणि गाडी बाभळीत जाते. माझा साहेब पाथर्डीकडचा. त्याच्या घरात आजा-पणजापासून ऊसतोड. दसरा झाला की घराला कुलूप, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, म्हाताऱ्या माणसांना मागं राखणीला ठेवून सगळं गाव रिकामं. हा मात्र आयटीआय करून सुप्याला कंपनीत लागला. खांद्याला कोयता नाही, गळ्यात कंपनीचं कार्ड, एवढ्यावरच माझ्या वडिलांनी मला देऊन टाकलं.

संसार मोडला त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. दोघांनीही भांडी फेकली, माझा नेम बरा होता. कोर्टानं लेक माझ्याकडे दिली आणि तिची पोटगी त्याला लावली. मंगळसूत्र मोडून मी शेवगावात कारखान्याच्या रस्त्याला एक खोली घेतली. नवऱ्यापेक्षा ते सोनं जास्त कामाला आलं. मध्ये पडदा लावला. पुढं ब्युटी पार्लर, मागं घर. घटस्फोटाचा आणखी एक फायदा झाला, नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेता यायला लागलं. पहिले काही दिवस मी उगाचच घ्यायची. भाजी निवडताना, भुवया कोरताना, रावसाहेब, रावसाहेब. जीभ मोकळी झाली, पण 'तुम्ही' काही सुटलं नाही.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोबाईल टिंग करायचा. त्या एका टिंगवर वैष्णवीची इंग्रजी शाळा, क्लास आणि गाईडं चालायची. पार्लरवर आमची दोघींची पोटं. लग्नसराईत पार्लर धो धो चालतं आणि एरवी नळासारखं थेंब थेंब. वैष्णवी दहावीला गेली आणि पोळ्याच्या आसपास टिंग बंद पडली.

मग तो स्वतःच आला. माझ्या दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे, म्हणून तो पायरीखाली उभा राहिला आणि पडद्याकडे बघून बोलायला लागला. आत एक बाई खुर्चीत होती, तिची एक भुवई झाली होती आणि एक व्हायची होती.

"मंगल, कंपनीनं आमची लाईन बंद केली. कंत्राटी सगळे काढले. आता जमायचं न्हाई."

"कधीपर्यंत?"

तो चपलेनं पायरी घासायला लागला. खुर्चीतली बाई श्वास रोखून बसली होती. मी दोरा हातात धरून तशीच उभी राहिले, आणि दोन्ही भुवया सारख्या करायच्या आत ती पैसे ठेवून निघून गेली. बातमीला उशीर होऊ नये म्हणून एक भुवई सोडून जाणारी बाई मी त्या दिवशी बघितली. संध्याकाळपर्यंत शेवगावच काय, नेवाशापर्यंत सगळ्यांना माहीत झालं की मंगलची पोटगी थांबली.

त्यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला, आणि तोही मळीसारखाच गोड वासाचा. वकिलांनी सांगितलं, त्याला आत टाकू. मी विचारलं, आत गेल्यावर तो पैसे कुठून देणार. वकील म्हणाले त्याच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. बचत गटातल्या एका काकूंनी गुरुवार धरायला सांगितले. धरायची गरज नव्हती, महिनाअखेरीस वार न बघताच उपास पडत होते. एका मंडळानं वैष्णवीला वह्या दिल्या. डझनभर वह्या, आणि त्या देताना एकेका वहीला चार-चार हात. फोटोत माझी पोरगी दिसतच नाही, नुसते हात दिसतात, जणू काही ती बुडत्येय आणि तिला वह्यांनी वर काढतायत. घरी येऊन ती म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी पेन द्या म्हणावं. पेनाला एवढे हात पुरत नाहीत."

मी केबल काढून टाकली. केसांना वाफ द्यायचं मशीन विकलं. दूध अर्धं केलं, मग चहाच कोरा केला. रात्रीच्या भाजीत पाणी वाढत गेलं, शेवटी आमची आमटी एवढी पारदर्शक झाली की तिच्यात बघून वैष्णवी वेणी घालायची. हे मी वाढवून सांगते. पण ती कधी दुसरी पोळी मागत नव्हती, ते वाढवून सांगितलेलं नाही. भीक मागायची लाज नसते, न मागता जी भीक अंगावर येते तिची किळस येते. लोक दारात थांबून 'काही लागलं तर सांग' म्हणायचे आणि मी तोंड उघडायच्या आत चप्पल घालायचे.

दसऱ्याला कळलं, रावसाहेबानं ऊसतोडीची उचल घेतली. उचल म्हणजे मुकादम आधीच देतो ते पैसे, जे मग हंगामभर ऊस तोडून फेडायचे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक धरतात. एकटा गडी त्याला अर्धाच वाटतो. म्हणून यानं आपल्या विधवा बहिणीला, कांताला, बरोबर घेतलं. सुप्याच्या खोलीचं थकलेलं भाडं आणि आईचं दुखणं, दोघांनी मिळून ती उचल गिळली. कंपनीचं कार्ड गळ्यात घालून ज्या कोयत्यापासून तो पळाला होता, तोच त्यानं परत खांद्यावर घेतला. आणि नशिबाचा खोडसाळपणा असा की त्याची टोळी आमच्याच कारखान्याला आली.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी पार्लरपुढं ट्रॅक्टर थांबला आणि धप्प धप्प काहीतरी पडलं. पडदा सारला तर पायरीवर वाढ्यांच्या पेंढ्या. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊस कारखान्याचा, पण शेंडा तोडणाऱ्याचा, अशी इकडं रीत आहे. उचल फिटेपर्यंत मजुराच्या हातात रोकड पडत नाही. मीठ, मिरची, साबण हे सगळं संध्याकाळी रस्त्याकडेला वाढे विकून निघतं. म्हशीवाले घेतात. तोंडाला फडकं बांधलेला रावसाहेब ट्रॉलीवरून म्हणाला, "पोटगी हाय. रोज टाकीत जाईन. इकून घे."

ट्रॅक्टर गेला. मी कोर्टाचा कागद डोळ्यांपुढं आणून बघितला. त्यात चाऱ्याचा उल्लेख कुठं नव्हता.

 आत गुलाबपाण्याचा वास, फेशियलची क्रीम, भिंतीवर गोऱ्या हिरोइनीचा फोटो. बाहेर पायरीवर गुरांचा चारा, मुंग्यांच्या रांगा, चिकट रस. पेंढ्या उचलल्या तर अंगाला बारीक कूस, पानावरची काटेरी लव, लागली आणि मी मानेपासून ढोपरापर्यंत लालेलाल झाले. वाढ्याच्या पानाला करवतीची धार असते. बोटांना चिरा पडल्या, त्या चिरांत थ्रेडिंगचा दोरा आणि वरून ब्लीच. दुसऱ्याचा चेहरा उजळताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

गिऱ्हाईक मिळालं झुंबरआक्का. मागच्या गल्लीत तिच्या म्हशी, आणि आक्काही अंगानं त्यांच्यातलीच. दूध मापताना मापात अंगठा बुडवून ठेवते, म्हणतात तिच्या अंगठ्यानंच एक पक्कं घर बांधलंय. तिनं पेंढी हातात घेऊन उलटीपालटी केली, नाक मुरडलं.

"मंगे, नवऱ्याचा माल म्हनून जास्ती भाव लावती व्हय?"

"नवरा नाही आक्का. होऊन गेला."

"मंग होऊन गेलेल्या नवऱ्याचा माल शिळाच की. कमी लाव."

मी कमी लावला. काय करणार, रात्रीत पिवळी पडणारी पोटगी होती. दुसऱ्या दिवशी परत पेंढ्या, तिसऱ्या दिवशी परत. त्याच्या वाट्यातले निम्मे तो माझ्या पायरीवर टाकायचा, कधी ट्रॅक्टरवरून, कधी डोक्यावर आणून. गावात लगेच उठलं, मंगलचं परत जुळतंय. आमच्या लोकांना दोन माणसांच्या मध्ये गवताची काडी दिसली तरी मांडव दिसतो. एका नवरीचा मेकअप करून तिला बाहेर काढलं, तर शालूच्या पदरात वाढ्याचं पान अडकलेलं; आक्काची म्हैस त्या पानामागं थेट कार्यालयापर्यंत गेली. मी ही गोष्ट सांगताना म्हशीनंही अक्षता टाकल्या असं सांगते. तेवढं खोटं आहे. नवरीची अर्धी वेणी खाल्ली ते खरं.

वैष्णवी दप्तर टाकून पेंढ्या ओढायला यायची. "पप्पांची पोटगी आज ओली आहे," म्हणायची. मी तिला हात लावू द्यायची नाही. आणि सगळ्यात जास्त किळस मला कशाची आली सांगू? दोन-तीन आठवड्यांनी माझे कान संध्याकाळी रस्त्याकडे लागायला लागले. चाळीस ट्रॅक्टर गेले तरी तो थांबणारा कोणता, ते मला आतून कळायचं. ज्या माणसाचं तोंड बघायला नको, त्याच्या चाऱ्याची मी वाट बघत होते, आणि आलेल्या पैशातून वैष्णवीच्या शाळेचा हप्ता कसाबसा पुढं सरकत होता.

अशात दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बागायतदार, ऊस, कपाशी, गळ्यात चेन. येताना पिशवीभर बोरं आणली आणि खुर्चीत, हो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशापुढं बसला. स्वतःकडे बघतच त्यानं सांगितलं की वैष्णवीला स्थळ आलंय. मुलाकडं बारमाही पाणी आहे, पोरीला उजवून टाकू, तुझं एक तोंड कमी होईल. लग्न मळ्यात करू, गाजावाजा नको, वय कोण विचारतंय. खर्चाची तू काळजी करू नको. मांडव माझा, जेवण माझं, भांडी माझी.

 पोटगी थांबल्यापासून या माणसानं आम्हाला एक किलो साखर आणून दिली नव्हती, आणि याच्या शेतातून साखरच निघते.

"दादा," मी म्हणाले, "मांडव नको. त्याच्या निम्म्यात तिची दहावीची बाकी भर, पुढं नगरला होस्टेलला टाकू."

"फी भरून काय दिसतं मंगे?" तो खरंच समजावून सांगत होता. "लग्नात पाचशे मानूस जेवतं, नाव निघतं. फीची पावती कोनाला दाखवू?"

पडद्यामागून वैष्णवी बाहेर आली. हातात भूमितीचं पुस्तक. "मामा, मुलगा किती शिकलाय?"

"बारावीला बसला हुता."

"बसला होता, की उठला पण?"

दादा म्हणाला अशा जिभेची पोरगी सासू दुसऱ्या दिवशी माघारी पाठवील. वैष्णवी म्हणाली, मग एका दिवसासाठी जायचं कशाला. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण दादानं उठता उठता सांगितलं, रविवारी ते बघायला येतायत. आणि रावसाहेबानं हो म्हटलंय. लग्न झालं की पोटगीचा फास त्याच्याही गळ्यातून सुटतो, का म्हणून नाही म्हणेल.

पिशवीतली बोरं मी आक्काच्या म्हशीला घातली. माणसं मरणाला धावून येतात म्हणतात. मी म्हणते, लग्नाला त्याहून जोरात येतात. पोरीच्या डोक्यात दिवा लावायला कुणाचा खिसा उघडत नाही, तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला शंभर मुठी उघडतात. मी नवऱ्या सजवते, मला ठाऊक आहे. कोवळ्या गालावर पावडर बसतच नाही, घरंगळते. अशी पोरगी खुर्चीत आणली की मी हात वर करते, आणि आणणारे दुसरं पार्लर गाठतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उसाच्या फडात गेले. रावसाहेब तोडत होता, कांता मागं मोळ्या बांधत होती. ऊस तोडताना माणूस वाकतो तो हंगामभर वाकलेलाच राहतो, पण मला दया आली नाही. मी बांधावरूनच विचारलं, हो म्हणालात?

त्यानं कोयता खाली टेकवला. "तुझा दादा म्हनला, मंगलनं ठरवलंय. माझ्याच्यानं पैसा दिला जात न्हाई. न्हाई म्हनायला मला तोंड कुठंय?"

म्हणजे दादानं दोघांनाही दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. आणि हा गडी, खिशात पैसे नाहीत म्हणून बापपणही नाही असं समजून हो म्हणून मोकळा झाला होता. मला दादापेक्षाही याची शिसारी आली. मी सांगितलं, मी काही ठरवलेलं नाही, तोंड नसलं तर कुठून तरी आणा, रविवारी ते येतायत.

कांतानं मोळीची गाठ आवळली. मान वर न करता म्हणाली, "माझं चौदाव्या वर्षी झालं, वहिनी." आणि पुढची मोळी घेतली. 

रविवारी सकाळी मी पोहे केले नाहीत. वैष्णवीला म्हटलं, पुस्तक घेऊन आत बस, मी दारात उभी राहते, बघू कोण आत येतं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. पेंढ्या पडायला लागल्या त्या थांबेचनात. टोळीतल्या सगळ्यांच्या वाट्याचे वाढे, अख्खी ट्रॉली. पायरी बुडाली, पाटी बुडाली, दार बुडालं; मी बाहेर राहिले, वैष्णवी आत. मी सांगते तेव्हा तो ढीग मारुतीच्या कळसाएवढा असतो. कळसाएवढा नसेल, पण पत्र्याला टेकला होता. आक्काच्या म्हशी वासावर येऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि रावसाहेब ढिगावर चढून बसला.

जीप आली. दादा उतरला, मागं मुलाचे वडील टोपी सावरत, दोन बाया, आणि नवरा मुलगा मोबाईलमध्ये. दार दिसेना. दादा ओरडला, हे काय चालवलंय. मुलाच्या वडिलांनी ढिगावरच्या माणसाला विचारलं, तुम्ही कोण.

"मी पोरीचा बाप," रावसाहेब म्हणाला. आवाज काही मोठा नव्हता. "मला कोर्टानं पोटगी लावलीय, पोरीला अठरा पुरी हुईस्तोवर. ही त्याचीच हाय. माझ्याकडून पोटगी घेती म्हंजी पोर हाय ती अजून. तुमी पोराचं लगीन लावायला आलाय का?"

टोपीवाले दादाकडे बघायला लागले. मागच्या खिडकीतून वैष्णवीनं शाळेत पाठ करून घेतलेला, लहान मुलांच्या तक्रारीचा फोन नंबर मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. शेवटचा आकडा यायच्या आत जीप वळली होती. दादा तिच्या मागं पळत गेला, चेन एका हातानं धरून.

ही गोड गोष्ट नाही. हाच माणूस त्याआधी हो म्हणाला होता, ते मी विसरलेले नाही. त्या संध्याकाळी टोळीतल्या झोपड्यांत कुणाच्या हातात तेल-मिठाला पैसा नव्हता, कारण सगळ्यांची मीठ-मिरची माझ्या दारात पडली होती, आणि आक्कानं एवढा माल बघून भाव आणखी पाडला. वैष्णवी आता पार्लरच्या आणि पोटगीच्या पैशावर नगरला होस्टेलवर राहून शिकते. भाऊबीजेला दादा पाहुण्यांना सांगतो, भाचीला मीच शिकवली. मी त्याला ओवाळते, तोंडात पेढा घालते, आणि घरी येऊन हात साबणानं धुते.

त्या रविवारी म्हशींनी खाऊन खाऊन पायरीपुरती वाट मोकळी केली, गल्ली बघत होती, आणि रावसाहेब ढिगावरून खाली उतरला. अंगाला उसाचा आणि घामाचा आंबूस वास. मी चहा दिला, पायरीबाहेरच, कोरा. तो उभ्यानं प्याला आणि ढिगाकडे बघून म्हणाला, "मंगल, लई झालं की हे. पुढल्या म्हैन्याचं बी ह्यातच धर."

मी आत हाक मारून वैष्णवीला अभ्यासाला बस म्हटलं. मग त्याला सांगितलं, "नाही. पुढच्या महिन्याची पोटगी पुढच्या महिन्यातच आणायची."

 कप पायरीवर ठेवून तो "व्हय" म्हणाला, आणि ट्रॅक्टरवर चढला.